झोपाळ्यावरची कयाक

तंजावूर, २२ जून

नंदिता,

कामू ठणठणीत आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. आज सकाळी मी तिला कयाकमधून पाण्यावर नेलं.

ओरडू नकोस. नदीवर नाही नेलं. मेट्टूर धरणाचं पाणी सुटलंय, कावेरी, वेण्णार, गावातला कालवा, सगळे दोन्ही काठ भरून धावताहेत. तिथं मी एकटाही उतरणार नाही. ओरत्तनाडूच्या वाटेवर आमचं शेत आहे ना, त्याच्या मागं एरी आहे. लग्नानंतर तू तिथं आली होतीस आणि म्हणाली होतीस, 'एवढं मोठं तळं आणि एकही होडी नाही?' तीच ती. पाणी माझ्या छातीच्या वर कुठंच जात नाही. कामूच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, पट्टे मी दोनदा ओढून पाहिले. गळ्यात शिट्टीही होती. शिट्टी दिली ही मात्र माझी चूक.

कयाक म्हणजे आपलीच, नारिंगी, हवा भरायची. आपण सामान वाटून घेत होतो तेव्हा तू म्हणालीस, 'होडी तू ठेव, मुलगी मी ठेवते,' आणि आपण दोघंही हसलो. दीड वर्ष झालं त्याला. तेव्हा ते विनोदी का वाटलं, कोण जाणे.

तर काठावर बसून मी पायानं पंप मारतोय आणि कामू मोजतेय. एकोणतीसनंतर तिच्याकडे परत वीस येतो, त्यामुळे होडी काही केल्या भरत नव्हती. नारळाची बाग सांभाळणारी विशालाक्षी येऊन उभी राहिली, मग तिच्या मागून निम्मं गाव. विशालाक्षीनं हात लावून पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "गादी चांगली आहे सार, पण पाण्यात कशाला घालता?"

पाण्यात उतरल्या उतरल्या तुझ्या मुलीला भूक लागली. काठ अजून हाताला लागत होता. मुरुक्कूचा डबा उघडला. तो संपतो न संपतो तोच, "अप्पा, पोचलो का?"

"कुठं पोचायचंय?"

"माहीत नाही. पण पोचलो का?"

पुढं म्हशी डुंबत होत्या. कामूनं शिट्टी मारली. म्हशींनी कान हलवले, बाकी काही नाही. मी म्हटलं, त्यांना मराठी शिट्टी कळत नाही. मग तिनं तमिळमध्ये "पो, पो" करून पाहिलं. तरी ढिम्म. शेवटी गंभीरपणे म्हणाली, "उद्या अज्जीला आणू या. अज्जीचं सगळे ऐकतात." आम्ही म्हशींचं स्नान उरकेपर्यंत थांबलो. त्या वेळात तिची टोपी पाण्यात पडली, म्हणून मी नियम केला: पाण्यात पडलेलं तिथं टाकून पुढं जायचं नाही, वळायचं आणि उचलायचं. हा नियम तिला इतका आवडला की पुढं ती मुद्दाम वस्तू पाडत होती. डब्याचं झाकण, एक चप्पल, दुसरी चप्पल, परत झाकण. मी गरगर फिरत होतो आणि काठावर विशालाक्षी पदर तोंडाला लावून हसत होती.

'फोन करू नकोस, लिही, लिहिताना तुझा आवाज चढत नाही,' असं तू म्हणालीस म्हणून हे लिहितोय. आमच्या तंजावरी मराठी घरात लिहिणं तमिळमध्येच; देवनागरी तूच शिकवलीस, तेव्हा चुका दिसल्या तर गुरूचं नाव खराब.

हॅम्बुर्गचं उत्तर या पत्रात नाही. तू सप्टेंबरात जाणार, तीन वर्षांसाठी, आणि मी हो म्हटल्याशिवाय कामूला नेता येणार नाही, हे सगळं मला पाठ आहे. दोन महिने ती माझ्याकडे आहे. मला आधी ते घेऊ दे.

सुरेंद्र

तंजावूर, ६ जुलै

नंदिता,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न होते. पहिल्याचं उत्तर: हो, जॅकेटचा खालचा पट्टा, पायांमधून जातो तो, तोही लावतो. दुसऱ्याबद्दल मी मिठाची गुळणी धरून बसलोय असं तू म्हणशील. म्हण.

आज अम्माबद्दल लिहितो. तू तिला काठावरची सासू म्हणायचीस, आठवतं? कावेरीच्या गावात जन्म गेला, पण आयुष्यात पाऊल पाण्यात घातलं नाही. पायरीवर बसून तांब्यानं अंगावर घेणार, आणि तेही पुरे झालं म्हणून 'पोदुम, पोदुम' करत. एरीवर आम्ही असतो तेव्हा ही बागेतल्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकते. 'सुरेंद्रा, तिकडं नको रे! सुरेंद्रा, ऊन आलें!'

तर या अम्माला कयाक शिकवायचं कामूनं ठरवलंय.

कसं, ते ऐक. आमच्या हॉलमधला ऊंजल तुला ठाऊक आहे, पितळी साखळ्यांचा तो झोपाळा. दुपारी जेवणं झाली की अम्मा त्यावर आडवी होते. आता आडवं होणं बंद. कामू तिला उठवून मधोमध बसवते, पाय लांब, पाठ ताठ. हातात झाडू, ते वल्हं. स्वतः मागून ऊंजल हलवते, आधी हळू, मग वारा सुटल्यासारखा जोरात.

"अज्जी, एका बाजूला कलायचं नाही."

"कललें नाहीं गे. हा ऊंजलच वांकडा आहे."

"होडीला नावं ठेवायची नाहीत. समोर म्हैस आली तर काय म्हणायचं?"

"जय महिषासुरमर्दिनी."

"नाही! म्हैस डावीकडं, असं म्हणायचं. मागच्याला दिसत नाही ना."

रोज हेच. चुकलं की पहिल्यापासून. अम्मा मला म्हणाली, "ही पोर कोणावर गेली आहे तें मला सांगायची गरज नाहीं." मुलं टीचर-टीचर खेळतात, तसलंच काहीतरी समजलो. गंमत म्हणजे अम्मा शिकतेय. परवा स्वयंपाकघरातून ओरडली, "सुरेंद्रा, मांजर उजवीकडं!"

पण अम्मा फुकट काही करत नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तिचा हेतू वेगळा आहे. देवघरातल्या खुंटीवर कापडी पिशवी लटकतेय, त्यात आपल्या लग्नातल्या माळा आहेत. इथली रीत अशी की लग्नानंतरच्या पहिल्या आडी महिन्यात, अठराव्या दिवशी, नवराबायकोनं नदीवर जाऊन त्या माळा वाहत्या पाण्यात सोडायच्या. आपल्या वेळी कावेरीत नुसती वाळू होती. लोकांनी पंपाखाली उभं राहून पूजा उरकली. अम्मा म्हणाली होती, 'आतां नळाला माळ घालूं काय?' मग पुढच्या वर्षी तुला रजा नाही, त्याच्या पुढच्या वर्षी मला नाही, मग कामू, मग करोना. माळा राहिल्या त्या राहिल्याच.

आता अम्माचं म्हणणं असं की आपलं जे बिनसलं ते तिथं. काम अर्धं राहिलं म्हणून. भांडणं, तुझी नोकरी, माझं इथं परत येणं, यातलं काही ती ऐकून घेत नाही. 'तुम्हीं दोघें चांगलींच आहांत. माळा राहिल्या.' या आडीत त्या सोडायच्या, आणि स्वतः पाण्यात जाऊन सोडायच्या, असं तिनं मनावर घेतलंय. म्हणून झाडू हातात घेते.

कामू आता वाक्यात अर्धं तमिळ घालते. तू संध्याकाळी अम्माच्या मोबाइलवर फोन करतेस तेव्हा मी गच्चीवर जातो, त्यामुळे तुझ्याशी ती कुठल्या भाषेत बोलते ते मला माहीत नाही.

सुरेंद्र

तंजावूर, २१ जुलै

नंदिता,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, ओळ. 'पंधरा ऑगस्टच्या आत हो की नाही ते कळव.' एक घाव दोन तुकडे करायची तुझी सवय जुनीच आहे. पाकिटाला लावलेलं तिकीटसुद्धा त्या ओळीपेक्षा मोठं होतं.

बरं, मग ऐक. मला ती जायला नको आहे. तीन वर्षांनी ती आठ वर्षांची असेल. बर्फात शाळेला जाईल, मला 'पापा' म्हणेल, आणि सुट्टीत आली की अम्माच्या हातचं पिठलं बोटानं बाजूला सारेल. तू म्हणशील, व्हिडिओ कॉल आहे. माझ्या पॉलिटेक्निकमध्ये पोरं व्हिडिओवरून लेथ मशीन शिकली होती. त्यांना मशीन चालवता येतं का विचार.

आवाज चढला बहुतेक. लिहिताना चढत नाही ही तुझी समजूत होती.

रविवारी एरीवर काय झालं ते लिहितो, म्हणजे उतरेल. कामूला पाण्याच्या मधोमध शूची आठवण झाली. काठावरून निघताना विचारलं होतं, तेव्हा 'नाही' होतं. मी वल्हं इतक्या जोरात मारलं की काठावरच्या पोरांना शर्यत वाटली, ती टाळ्या वाजवायला लागली. काठाला लागलो, तर बाई म्हणतात, "आता गेली." परत फिरलो. मग ती पुढं बसल्या बसल्या झोपली. मान एका बाजूला, टोपी तोंडावर, हात पाण्यात. मी वल्हं आडवं ठेवलं आणि तसाच बसून राहिलो. पाय बधिर झाला, उन्हानं मान भाजली, पण हललो असतो तर ती जागी झाली असती. बगळे अगदी जवळ येऊन उभे राहिले. नंदिता, असं मला रोज हवं आहे. मी जास्त काही मागतोय का?

आणि एक सांगून टाकतो. अम्माच्या माळांना मी हसतो. तिच्या तोंडावर हसतो. पण काल खुंटीवरची पिशवी मीच खाली काढली, धूळ झटकली, आणि आतली गाठ सुटलेली नाही ना, ते पाहिलं. आडीचा अठरावा तीन ऑगस्टला आहे. तोपर्यंत माझ्याकडून हो मागू नकोस.

सुरेंद्र

तंजावूर, ४ ऑगस्ट

नंदिता,

काल आडीचा अठरावा, आडिपेरुक्कु झालं. सरळ लिहून काढतो, मध्ये थांबलो तर पुरं होणार नाही.

तिरुवैयारूला कावेरीच्या पायऱ्यांवर मुंगीला वाट नव्हती. पाणी वेगात, दर पायरीला पोलीस. मी अम्माला म्हटलं, कामूला घेऊन मी या पाण्याजवळ जाणार नाही, माळा सोडायच्या तर एरीत. अम्मानं विचार केला आणि होकार देत म्हणाली, "सरी. एरींतलेंही पाणी कावेरीचेंच." बरोबरच होतं. कालव्यानं तेच येतं. आम्ही दोघंही शिकलेली माणसं, पण त्यापुढची साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही.

एरीच्या काठावर विशालाक्षी आणि गावातल्या चार बायका ताम्हणं मांडून बसल्या होत्या. हळद, फुलं, पिवळे दोरे, चित्रान्न. माझे पप्पा गेल्यापासून अम्मा या दिवशी काठालाही जात नसे. काल ती मागं उभी राहिली आणि नदीची ओटी विशालाक्षीनं भरली. मग विशालाक्षी वळून म्हणाली, "अम्मा, तुम्हीही हात लावा. आम्हाला काही वाटत नाही." अम्मानं हात लावला. मी दुसरीकडे पाहिलं.

पदर खोचून, साडीवर लाइफ जॅकेट घालून, केसात फूल नाही पण कपाळाला अंगारा, अशी अम्मा होडीत बसली. बसली म्हणजे बसवली. दोन बायकांनी दंड धरले, कामूनं हुकूम सोडले. पुढच्या जागेवर अम्माच बसणार, असा कामूचा हट्ट. "आज मी मध्ये. पुढं अज्जी." मी म्हटलं, अगं तिला भीती वाटेल. "वाटू दे. तिला येतं."

आणि खरंच येत होतं. पहिले काही हात 'रामा, रामा' झालं. मग पाठ ताठ झाली. कललं नाही, हललं नाही. थोड्या वेळानं पुढून आवाज आला, "म्हैस डावीकडं!" होतीच म्हैस. कामूनं माझ्याकडे वळून पाहिलं. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

मधोमध आल्यावर अम्मानं पिशवी उघडली. फुलं कुठली, नऊ वर्षांत सगळा भुगा झाला होता. दोऱ्याला चिकटलेली थोडी जर आणि वाळलेली देठं. दोन्ही माळांची टोकं तिनं एकमेकांना बांधली होती. कामूनं विचारलं, "यातली आईची कुठली?" मला सांगता येईना. लग्नात माळा तीनदा इकडून तिकडं जातात, तुला आठवतं, तुझा मामा मला खांद्यावर उचलून पळाला होता. शेवटी कुठली कुणाच्या गळ्यात राहिली ते आता देव जाणे.

अम्मानं हात जोडले आणि माळा पाण्यात सोडल्या. कामू लगेच ओरडली, "पडलं! अप्पा, वळव!" आणि वाकून उचलल्यासुद्धा.

"अगो, टाकायच्याच आहेत त्या."

"पाण्यात टाकायचं नाही. नियम आहे."

"हा नियम नाहीं, हें देवाचें आहे. ह्या वाहून गेल्या म्हणजे तुझी आई आणि अप्पा परत एके ठिकाणीं राहतील, कण्णा."

मी म्हटलं, "अम्मा!" पण बोलून झालं होतं.

कामूनं हातातल्या माळांकडे पाहिलं. मग तिनं स्वतःच माळा पाण्यात ठेवल्या, हळूच, अंगाई म्हणताना बाहुली ठेवते तशा. आम्ही तिघंही बघत बसलो. माळा तिथंच. मी दोन हात पुढं मारले, तर वारा मागून होता, माळा होडीच्या कडेनं आमच्याबरोबर आल्या. वल्ह्यानं ढकलल्या. लांब गेल्या, फिरल्या, परत आल्या. काठावरून बायका ओरडायला लागल्या, "ढकला सार, ढकला!" त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही आवरेना.

मग अम्मा म्हणाली, "सुरेंद्रा, हें पाणी वाहतच नाहीं रे."

मुलीच्या जिवाला धोका नको म्हणून मी न वाहणारं पाणी निवडलं, आणि माळांना तर वाहायचं होतं. नदीकाठी वाढलेल्या दोघांना हे सुचू नये!

अम्मा रडायला लागली. माझ्याकडे तिची पाठ होती, जॅकेटचे पट्टे हलताना दिसत होते. नंदिता, मी तिला रडताना फार पाहिलेलं नाही. पप्पांच्या वेळीसुद्धा ती आलेल्या लोकांच्या कॉफीचं बघत होती.

कामूनं पुढं सरकून तिच्या पाठीवर हात ठेवला. ऊंजलवर बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "अज्जी, रडू नको. रडलं की तू हलतेस, आणि होडी हलते. तू अशी घाबरलीस तर अप्पाबरोबर कोण येणार? मी आईबरोबर विमानानं जाणार ना. पुढं कुणी नसलं की होडीचं नाक वर येतं आणि वाऱ्यानं गोल गोल फिरते. अप्पाच म्हणाला. म्हणून तर तुला शिकवलं."

नाकाचं मी कधी म्हणालो ते आधी आठवेना. मग आठवलं. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, मी नसताना तू एकटा कसा जायचास. मी थट्टेत म्हटलं होतं, जायचोच नाही, पुढं कुणी नसलं की नाक वर येतं. एवढंच. त्यावरून तिनं हे सगळं उभं केलं. झाडू, ऊंजल, म्हैस डावीकडं.

मी तिच्याशी हॅम्बुर्गचा एक शब्द बोललो नव्हतो. तू बोललीस हे चांगलं केलंस, रागावलो नाही. पण ती हे घेऊन किती दिवस हिंडतेय, मला कळलंसुद्धा नाही. अम्मा माळा जोडत होती, मी पिशवीची धूळ झटकत होतो, आणि ही पाच वर्षांची पोर माझ्या पुढं बसायला माणूस तयार करत होती.

मला रडू आलं. मागं बसणाऱ्याचं एक बरं असतं, त्याच्याकडे कुणी बघत नाही.

माळा कामूनं परत उचलल्या, नियमाप्रमाणं. काठावर आल्यावर अम्मानं त्या पिळून काढल्या, बागेतल्या एका नारळाच्या बुंध्याशी माती उकरून पुरल्या, हात धुतले, आणि "पोदुम, घरीं चल" एवढंच म्हणाली. गाडीत कामू चित्रान्न खात होती.

आज इतकंच.

सुरेंद्र

तंजावूर, १० ऑगस्ट

नंदिता,

हो. तिला ने.

तुझी मुदत पंधराची, पण त्याच्या आधी लिहिलं पाहिजे असं वाटलं. अट काही नाही. येत्या रविवारी मी कामूला घेऊन पुण्याला येतो आणि ज्या सह्या लागतील त्या करतो. माझं मन बदललं असं समजू नकोस. मला ती जायला नकोच आहे, परवा होतं तेवढंच आजही नको आहे. पण मी नाही म्हणून बसलो तर ती राहील, आणि राहून माझीच काळजी करत बसेल. पाच वर्षांच्या मुलीवर मी ते ओझं टाकणार नाही.

मायेपोटी एक विनंती करतो, ऐकलीस तर बरं. तिकडं जवळपास तळं असेलच. तिथं तिला पाण्यावर नेत जा. खाऊ दुप्पट घे आणि शिट्टी देऊ नकोस.

आता आजचं सांगतो. त्या दिवसानंतर अम्मा ऊंजलवर बसली नव्हती. होडीचं नाव घरात निघत नव्हतं. मला वाटलं, संपलं. आज सकाळी मी कॉफी पिऊन बाहेर आलो तर अम्मा दारात उभी. साडी वर खोचलेली, आणि त्यावर लाइफ जॅकेट, घरातूनच, सगळे पट्टे आवळून. पायांमधून जातो तोसुद्धा. पलीकडच्या घरातले वेंकटराव मामा पेपर घ्यायला आले होते, ते बघतच राहिले. अम्मा त्यांना म्हणाली, "काय पाहतां? एरीवर जातें आहे." आणि जाऊन गाडीत बसली.

एरीवर हवा भरून झाली. मी कामूला उचलून होडीत ठेवायला गेलो, तर ती मागं सरकली.

"आज मी नाही. आज फक्त तुम्ही दोघं."

"आणि तू?"

"मी इथून बघणार."

विशालाक्षीनं तिचा हात धरला. आम्ही निघालो. अम्मा पुढं, तोंडातल्या तोंडात रामनाम. थोडं आत जाऊन मी वळून ओरडलो, "इतकं पुरे का गं?"

"नाही! अजून लांब!"

अजून थोडं गेलो. "आता?"

"अजून, अप्पा! अजून!"

मी वल्हं थांबवलं. अम्मानं मागं वळून पाहिलं नाही, कललं तर कामूचा नियम मोडला असता. नुसतंच म्हणाली, "चल रे. लेकरूं पाहतें आहे." म्हणून मी वल्हं मारत राहिलो. काठ मागं जात होता. नारळ लहान झाले, विशालाक्षीची साडी नुसतीच लाल दिसायला लागली. तिच्या शेजारी कामू ताठ उभी होती. हात हलवत नव्हती, हाक मारत नव्हती. आम्हाला जमतंय की नाही, तेवढंच नीट बघत होती.

सुरेंद्र